उताराचा उतारा

आमच्या डोंगराचा मालक कोण, याचे उत्तर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कचेरीगणिक बदलते. पंचायतीत विचारा, डोंगर वाड्याचा. मामलेदार कचेरीत एक-चौदाचा उतारा काढा, कब्जेदाराच्या रकान्यात सरकार. रेंज ऑफिसात जा, तो म्हादई अभयारण्याचा. आणि आईला विचारलेत तर तो तिच्या सासऱ्याचा, कारण त्यावरचे काजू त्यांनी लावले, दगडी गडगा त्यांनी घातला आणि झरीतला गाळ दर उन्हाळ्यात अजून आमच्याच घरातले कोणीतरी काढते. वनहक्क कायद्याखाली आईच्या नावाने दावा घातला तो ही चार उत्तरे एका फायलीत बसवण्यासाठी. ते कसे झाले हे लिहून ठेवते आहे, कारण आमच्या बाजूच्या कितीतरी घरांत फॉर्म आणलेले आहेत आणि ते फळीवर तसेच पडून आहेत.

सत्तरीबाहेरच्यांना हा तालुका चोर्ला घाटाच्या वळणांमुळे किंवा म्हादई नदीच्या पाण्याच्या तंट्यामुळे ठाऊक असतो. गाडीतून बघताना सगळे एकच हिरवे दिसते. प्रत्यक्षात तालुक्याला दोन तोंडे आहेत. पश्चिमेला होंडा, पिसुर्ले: लोहखनिजाच्या खाणी, औद्योगिक वसाहत, रुंद रस्ते. पूर्वेकडे सरकावे तशी जमीन उभी राहू लागते आणि वाघेरी, मोर्लेगड करत सोसोगडापाशी साडेअकराशे मीटरांच्या वर पोचते. गोव्यात त्याहून उंच जागा नाही. कर्नाटकात देगावजवळ उगम पावलेली म्हादई याच डोंगरांतून खाली येते आणि मांडवी होऊन पणजीला पोचते. वाळपईत पाऊस दीडशे इंचांच्या वर गेला तर कोणी मान वर करून बघत नाही. आमचा वाडा पूर्वेकडच्या तोंडाला, घाटाच्या पायथ्याशी. कदंबची बस येते, पण दिवस तिच्या वेळेवर आखावा लागतो.

कारभाराची मांडणी मात्र सपाटीवर बसून केलेली. सुमारे 490 चौरस किलोमीटरच्या तालुक्यात वाळपईची नगरपालिका आणि 12 ग्रामपंचायती. एकेका पंचायतीत अनेक गावे, गावात वाडे, आणि दोन वाड्यांच्या मधे एखादा व्हाळ म्हणजे ओढा, नाहीतर डोंगराची अख्खी धार. जिल्हा पंचायतीचे मतदारसंघ तीन: होंडा, केरी, नगरगाव. गोव्यात पंचायत राज दोनच पायऱ्यांचे आहे. महाराष्ट्रात पंचायत समिती असते, तिथे जाऊन गाऱ्हाणे घालता येते. आमच्याकडे सरपंचांनंतर एकदम जिल्हा, आणि मधल्या मोकळ्या जागेत मामलेदार आणि उपजिल्हाधिकारी, म्हणजे आपण न निवडलेली माणसे. घाटावरच्या सुर्ल्याच्या माणसाला तर मामलेदाराकडे यायचे म्हणजे आधी चोर्ला घाट उतरून केरीला यावे लागते. 30 मे 1987 रोजी गोवा घटक राज्य झाले, उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आम्ही उत्तरेत गेलो. आईच्या दृष्टीने त्याने काही फरक पडला नाही. कागदासाठी शेवटी पणजीलाच जायचे.

जमिनीची गोष्ट याहून गुंत्याची. सत्तरी नव्या काबिजादीतली. अठराव्या शतकात पोर्तुगिजांनी ती घेतली खरी, पण इथल्या राणे घराण्याची बंडे काही थांबली नाहीत. 1852 साली दीपाजी राण्यांनी घेतलेला नाणूसचा किल्ला वाळपईच्या शेजारीच आहे. त्या सगळ्या मोडतोडीची सावली जमिनीच्या कागदांवर अजून आहे. कुठे मोकासो म्हणजे इनामी जमीन, कुठे अल्वारा म्हणजे पोर्तुगीज सरकारने लागवडीला दिलेली जमीन, कुठे देवस्थान, कुठे नुसतेच सरकार. कसणाऱ्याचे नाव यांतल्या कशातही नसले तरी कसणे चालूच होते. मुक्तीनंतर सर्व्हे झाला तेव्हा शेते, घरे, कुळागरांच्या बागा मोजल्या गेल्या आणि उरलेल्या डोंगराला एकेक प्रचंड सर्व्हे नंबर पडला. पुढे 1999 साली, जनरल जेकब राज्यपाल असताना, म्हादई अभयारण्य जाहीर झाले. ते 208 चौरस किलोमीटरचे, म्हणजे तालुक्याचे पाचातले दोन भाग त्यात गेले. आमच्या काजूंवर आधी सरकारचे नाव होते, आता अभयारण्याची रेषाही आली.

आजोबा त्या उतारावर कुमेरी करत. रान तोडायचे, वाळले की जाळायचे, पहिल्या पावसाबरोबर नाचणी, वरी टाकायची, दोन-तीन पिके घेऊन जागा सोडायची आणि काही वर्षांनी फिरून यायचे. कुमेरी बंद पडत गेली तशी त्या जागांत काजू आले. काजू लावला की माणूस जागा सोडून जात नाही, हा त्यातला मोठा बदल. आमच्याकडे अजून जागा हेक्टरात सांगत नाहीत. "दोन पायली नाचणीची जागा" असे सांगतात, किंवा हंगामात किती पोती बिया येतात ते सांगतात. फॉर्मवर मात्र हेक्टर लिहायचे असतात.

फॉर्म आमच्या घरात बरीच वर्षे होता. हलायला कारण लागले. जानेवारी 2020 मध्ये गोळावलीत एक वाघीण आणि तिचे बछडे मेलेले सापडले. जानेवारी 2021 मध्ये शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून रण पेटले आणि प्रकल्प तिथून हलवावा लागला. तिथलाही मूळ प्रश्न हाच होता: पिढ्यान् पिढ्या काजू लोकांचे आणि उताऱ्यावर नाव सरकारचे. मग 24 जुलै 2023 रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचे क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करा, असा आदेश दिला. त्याच निकालात वननिवासींचे दावे निकाली काढा, असेही होते. वाड्यावर पहिला भाग तेवढा पोचला. "आता उठवतात" अशी बोलणी सुरू झाली. वाघाबद्दल वाड्यावर कोणाचे वाकडे नाही, वाघ्रोदेव आमच्याकडे पुजला जातो. भीती होती ती नकाशाची. मी साखळीला असते, एका शाळेत शिकवते, तरी सुट्टीत घरी गेले की दुसरा विषय नसे. भाऊ वेर्ण्याला शिफ्टमध्ये अडकलेला. फायल माझ्याकडे आली.

"तुमचे लग्न झालेय ना? मग तुमचा काय संबंध?" असे पहिल्याच टेबलावर ऐकावे लागले. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो हे गोव्यातल्या कचेरीत समजावून सांगायची वेळ येऊ नये, पण आली. शिवाय दावा आईचा होता, मी फक्त कागद धरून उभी होते.

कायदा 2006 चा. त्यात दावेदार दोन प्रकारचे. अनुसूचित जमातीचे असाल तर 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जागा ताब्यात होती आणि जंगलावर पोट होते, एवढे दाखवायचे. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप 2003 पासून त्या यादीत आहेत. आम्ही त्यांतले नाही, म्हणून आम्ही "इतर पारंपरिक वननिवासी". या गटाला त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, इथले वास्तव्य दाखवावे लागते. हिशेब केला की 1930 येते. तेव्हा इथे पोर्तुगीज राज्य होते. आमचे धनगर शेजारीही याच गटात, आणि त्यांची अडचण आमच्याहून मोठी. ज्यांचे घर गुरांमागे डोंगरभर फिरत होते त्यांनी 1930 चे घर कुठले दाखवायचे?

पुरावा एक पुरत नाही, किमान दोन लागतात. लोक इथेच गळतात, कारण त्यांना वाटते पुरावा म्हणजे मालकीचा कागद. तसे नाही. नियमांत दिलेली यादी वाचून मी थक्क झाले. शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, वनखात्याचे जुने कागद हे तर आहेच. पण बांध, गडगे, विहिरी, स्मशान, देवाच्या जागा हेही पुरावेच, वंशावळही पुरावा, आणि दावेदार नसलेल्या वृद्ध माणसाचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा. आमच्या वाड्यावर निम्मी यादी उघड्यावर पडलेली होती.

तरी कागद शोधले, कारण कागद बघितला की टेबलापलीकडचा माणूस सैल होतो. आजोबांच्या जन्माची नोंद पोर्तुगीज काळच्या पुस्तकात मिळाली. अक्षर सुंदर, भाषा पोर्तुगीज. आजोबांच्या नावातला "श" एक्स झालेला, शेवटी एक "म" चिकटलेला, गावाचे नावही ओळखू येणार नाही असे. पणजीला जाऊन भाषांतर करून घेतले आणि पुस्तकातला माणूस आणि शिधापत्रिकेतला माणूस एकच, असे प्रतिज्ञापत्र केले. ज्यांच्याकडे असा कागद आहे त्यांनी नाव जुळत नाही म्हणून तो मागे ठेवू नये. सत्तरीत कोणाचेच जुळत नाही.

दुसरा कागद आईच्या ट्रंकेत सापडला. आजोबांना रानात झाडे तोडल्याबद्दल झालेल्या दंडाची पावती. घडीच्या रेघांवर फाटलेली, शाई तपकिरी पडलेली, पण तारीख आणि डोंगराचे नाव स्वच्छ. ही पावती घरात लाज म्हणून लपवलेली होती, आजोबांनी कोणाला दाखवली नव्हती. वनहक्क समितीच्या सचिवांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "बाय, हे सोने आहे. तुझा आजो त्या दिवशी तिथे होता हे खुद्द जंगल खात्यानेच लिहून दिलेय." आईने मग ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली. आता ती देवाच्या फोटोमागे असते.

दावा द्यायचा तो ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे. वैयक्तिक दाव्याचा फॉर्म ए. मराठीत भरला, चालला. समितीकडून पोच घ्यायलाच हवी, तीही तारखेसकट. पोच नसलेला दावा म्हणजे तुमच्या मनातला दावा.

ग्रामसभेने खूप वेळ घेतला. नियमाप्रमाणे वनहक्काच्या ठरावाला ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका, शिवाय दावेदारांपैकीही निम्मे. आमच्याकडची तरणी माणसे पहाटेच्या बसने होंडा, कुंडई, वेर्णा गाठणारी. रविवारी सभा ठेवली तर कोणाकडे बारसे, कोणाकडे देवकार्य. काजूच्या हंगामात तर विचारूच नका, तेव्हा माणूस डोंगरावर असतो आणि अंगाला बोंडूचा वास येत असतो. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली, पुन्हा बोलावली, पुन्हा तहकूब. शेवटी बायकांनी घरोघरी जाऊन माणसे उठवली. आमच्या स्वयंसाहाय्य गटाच्या अध्यक्षीणबाईंनी सरळ सांगितले, सभेला न आलेल्याने नंतर माझ्या दारात रडायला यायचे नाही. त्या दिवशी सभागृहात बसायला जागा नव्हती. ती सभा खरे तर आमच्या दाव्यांची, पण अर्धा वेळ बोलणे कर्नाटक ज्याचे पाणी वळवू बघते त्या कळसा नाल्यावर झाले. म्हादई लवादाने 2018 च्या निवाड्यात गोव्याला 24, कर्नाटकाला 13.42 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिले, हे आकडे आमच्या वाड्यावर सातवीतल्या पोरालाही तोंडपाठ आहेत. स्वतःच्या उताऱ्यावर काय लिहिलेय ते मात्र घरातल्या कोणी बघितलेले नसते.

जागेची पडताळणी मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. समितीने आगाऊ कळवले की वन आणि महसूल या दोन्ही खात्यांच्या माणसांनी पडताळणीला हजर राहायचे आणि पंचनाम्यावर हुद्द्यासह सही करायची, असा नियम आहे. तारीख दिवाळीनंतरची घेतली. पावसात जळवा असतात आणि धुक्यात समोरचा काजू दिसत नाही, तर फेब्रुवारीनंतर सगळे कामात. वनरक्षक, तलाठी, समितीचे तिघे, आई, मी आणि वरच्या अंगाला राहणारे म्हातारे धनगर मामा. मामांना बोलावले ते जबाबासाठी, पण वाट तेच दाखवत होते. आई पायात चप्पल न घालता पुढे, तलाठी सायब मागे धापा टाकत. "बाय, अजून किती?" असे त्यांनी विचारले की आई "हे काय, आलेच" म्हणायची आणि पुढे चालायची.

हद्दीच्या प्रत्येक कोपऱ्यावर जीपीएसचे यंत्र धरून उभे राहायचे. दाट झाडीखाली आणि कड्याच्या कुशीत आकडा स्थिर होत नाही, नाचत राहतो. एका कोपऱ्यावर यंत्राने आम्हाला व्हाळाच्या पलीकडे नेऊन ठेवले होते. वनरक्षक पोरगा शहाणा, काणकोणकडचा, डोंगरातलाच. त्याने घाई केली नाही. झाडी विरळ होती तिथपर्यंत सरकून, थांबून, पुन्हा रीडिंग घेतले.

घोळ झाला तो क्षेत्राचा. दोरीने मोजले तर उतारावरची बाजू शंभर मीटर भरली, यंत्राने काढलेल्या नकाशात ती सत्त्याऐंशीच्या आसपास आली. मला वाटले पुन्हा आकडा नाचला. तलाठी सायबांनी खाली बसून काडीने मातीत त्रिकोण काढून दाखवला. नकाशा वरून बघतो. उताराची लांबी त्याला दिसत नाही, तिची सावली दिसते. तीस अंशांच्या चढावर शंभर मीटर चाललात तर नकाशावर सत्त्याऐंशी मीटर भरतात, आणि हेक्टरही त्याच हिशेबाने आक्रसतो. मोजणी कुठेही गेलात तरी अशीच होते, त्यात कोणाची लबाडी नाही. सपाटीवर कोणाला हे कळतही नाही, डोंगरात प्रत्येकाचे क्षेत्र यात कमी होते. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या तेरा मीटरांतले काजू कोणाचे?"

सायब हसले, पण प्रश्न खराच होता. त्याचे उत्तर फॉर्ममध्येच आहे. सनदेच्या नमुन्यात क्षेत्राखाली चतुःसीमांचा रकाना असतो, ठळक खुणांसकट. पुष्कळ ठिकाणी तो "जंगल, जंगल, जंगल, नाला" असा भरून मोकळे होतात. आम्ही तो पंचनाम्यातच शब्दांनी भरून घेतला. पूर्वेला धार आणि धारेवरचे जुने माडतीचे झाड. उत्तरेला देवचाराचा दगड. पश्चिमेला व्हाळ. दक्षिणेला आजोबांचा गडगा, जिथे तो मोडला आहे तिथपासून फणसापर्यंत. फणसापाशी मामा थांबले, बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, "हो पणस हिच्या सासऱ्यान लायल्लो. म्हज्या बापायन व्हाळाचें उदक आणून शिंपल्लो." हे वाक्य सचिवांनी जसेच्या तसे लिहून घेतले. आकडा कमी-जास्त होईल, फणस काही सरकत नाही. ज्यांची पडताळणी व्हायची आहे त्यांना माझे सांगणे एवढेच, हेक्टरांवरून भांडण्याआधी हा रकाना भरून घ्या.

मामांचा जबाब झरीच्या काठावर बसून झाला. त्यांना साल सांगता येत नाही. पाखले, म्हणजे पोर्तुगीज, गेले ते वर्ष 1961. पहिली मते पडली ती 1963. भाऊसाहेब बांदोडकरांच्या राज्यात शाळा आली तेव्हा ही काजवीची झाडे फळाला लागलेली होती, असे त्यांनी सांगितले. तलाठी सायबांनी प्रत्येक खुणेपुढे इसवी सन मांडला. पाखल्यांच्या काळात इथे कुमेरी होती का, असे विचारल्यावर मामांनी समोरच्या उतारावर बोट ठेवत कुठे नाचणी, कुठे वरी, कुठे डुकरांच्या राखणीची माळी म्हणजे मचाण, असे सगळे दाखवले. माझ्या डोळ्यांना तिथे नुसते रान दिसत होते.

उपग्रहाच्या चित्राचाही विषय निघाला. समितीतला एक तरुण मोबाइलवर 2005 च्या आसपासचे चित्र घेऊन आला होता. त्यावर आमचा उतार हिरवागार. काजूचा माथा आणि रानाचा माथा वरून सारखाच दिसतो. शेत असते तर तुकडा वेगळा उठून दिसला असता, काजूची बाग जंगलात विरघळून जाते. म्हणजे ज्यांनी रान राखून त्यात काजू लावले त्यांचाच ताबा चित्रात दिसत नाही. पुढे नेमका हाच आक्षेप आला, की चित्रात लागवड दिसत नाही. नियमांत स्पष्ट आहे की उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरायचे, त्यांच्या जागी नाही. ते वाक्य मी अर्जात उतरवून काढले, खाली रेघ मारली.

दुसरा आक्षेप होता की डोंगरावर वनविकास महामंडळाचेही काजू आहेत, त्यांची दरवर्षी पावणी म्हणजे लिलाव होतो, मग हे काजू तुमचेच कशावरून? हा प्रश्न रास्त होता. महामंडळाची लागवड ओळीत आणि सारख्या अंतरावर. आजोबांची जिथे माती मिळाली तिथे, दोन कातळांच्या फटीतसुद्धा. फोटो जोडले. बघणाऱ्याला लगेच कळते.

ग्रामसभेच्या ठरावानंतर फायल उपविभागीय समितीकडे जाते. तिचे अध्यक्ष उपजिल्हाधिकारी, सोबत वनाधिकारी आणि पंचायतीच्या बाजूचे सदस्य. तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे. हा रस्ता कागदावर सरळ आहे. वाटेत एका टेबलावर आमच्या फायलीतून जबाबाचे पान गळाले आणि "पुरावा एकच" असा शेरा बसला. झेरॉक्स माझ्याकडे होती, शाळेत काम करून लागलेली सवय. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना पुन्हा मामांना डोंगरावर न्यावे लागले. सुनावणीला आईला बोलावले. तिला तीनच प्रश्न विचारले आणि तिने तिन्हींची उत्तरे देऊन वर दंडाची पावती टेबलावर ठेवली. नकार आला असता तर कारणे लेखी द्यावी लागतात आणि साठ दिवसांत वर अपील करता येते, हे मी आईला घरीच सांगून ठेवले होते. "साठ दिस खूप झाले," ती म्हणाली.

सनद आली. नवरा-बायको हयात असतील तर दोघांच्या नावे निघते, आमची आईच्या एकटीच्या नावाने. विकता येत नाही, कोणाला देता येत नाही, मुलांकडे वारशाने जाते. क्षेत्र मागितले त्याहून कमी आहे. चतुःसीमेत फणस आहे. सनद मिळाली म्हणून अभयारण्य उठले नाही आणि आग लावायची मुभाही मिळाली नाही. मार्च 2023 मधल्या वणव्यांनंतर तर वनखाते धूर दिसला की धावते, आणि ते बरेच आहे. फरक पडला तो बोलण्यात. रानात गस्तीवर असलेली माणसे आता आईला विचारतात, "मावशे, वर कोणी दिसले का?" पूर्वी विचारायची, "तू इथे काय करतेस?"

एक-चौदावर मात्र अजून सरकारच आहे. सनदेनंतर महसुली आणि वन अशा दोन्ही दप्तरांत नोंद व्हायला हवी, तीही तीन महिन्यांच्या आत. ती आपोआप होत नाही. सनदेची प्रत, पंचनामा आणि नकाशा जोडून अर्ज दिला आहे.

मामांचा दावा परत आला. कारण लेखी मागून घेतले: 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध होत नाही. आता त्यांचे अपील लिहायला घेतले आहे. त्यांच्याकडे जन्माची नोंद नाही, घरपट्टी अलीकडची. पण गोठ्याच्या जुन्या जोत्यांचे दगड आहेत, एक नव्हे, पाणी आटेल तसे गुरांबरोबर हलवलेले, आणि वाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या माणसांना ते सगळे पाठ आहेत. आईही जबाब देणार आहे, या दाव्यात ती दावेदार नाही. ती जोती बघायला सर्कल इन्स्पेक्टर यायचे आहेत. त्यांनी दिलेली तारीख शिमग्याच्या आठवड्यातली आहे आणि त्या आठवड्यात वाड्यावर साक्षीला एक माणूस मिळणार नाही, म्हणून ती बदलून घ्यायला सोमवारी वाळपईला जायचे आहे.